शंभर टक्के वनस्पतिजन्य

डबीवर हिरवं पान आहे.
पानावर दवाचा एक थेंबसुद्धा छापलाय.
खाली ठळक अक्षरांत: रसायन नाही, सवय नाही.

रात्री पावणेतीनला, एमवायच्या कॅज्युअल्टीत,
मुलीनं ती माझ्या हातात ठेवली,
चोराला पकडून आणल्यासारखी.

हेमंत रेशीमवाले, वय चौपन्न,
सियागंजात मसाल्याच्या पेढीवर हिशेबनीस,
मणका सरकलेला.
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
श्वास मिनिटाला पाच.
मी मोजले. परत मोजले.
सहाव्याची वाट पाहत होते तेव्हा
बाहेर रस्ता झाडणारं मशीन गेलं,
ब्रश फिरवत, पाणी उडवत,
झाडलेलाच रस्ता झाडत.

डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं?
काही नाही, म्हणाली, झाडपाल्याचं.

झाडपाला आम्हाला शिकवू नका.
माझं माहेर मंदसौरकडचं.
बोंडाला चीर कधी द्यायची,
चीक किती वाजता खरवडायचा,
लग्नात पाहुण्याच्या तळहातावर किती थेंब,
हे पाहतच मोठे झालो आम्ही.
त्या हातांना माप होतं.
(माप असूनही दोन काका गेले. तेही सांगायला हवं.)

पण हे पान नव्हे.
पानातला एक कण कुणीतरी वेगळा काढला,
काचेच्या भांड्यात फिरवला,
त्याची एक बाजू बदलली,
दहापट केला की तीसपट, कुणी मोजलं?
झाडाला दाखवला तर झाड ओळखणार नाही.

नॅलोक्सोन दिलं.
उठला. वॉर्डबॉयला म्हणाला, क्या भिया, सोने दो.
आम्ही हसलो.
चाळीस मिनिटांनी ओठ पुन्हा निळे.
इंजेक्शन ओसरलं होतं, डबीतलं अजून होतं.
दुसरा डोस. मग तिसरा. मग ड्रिप.

फॉर्मवर रकाना आहे: घेतलेल्या द्रव्याचं नाव.
डबी तीनदा उलटी करून पाहिली.
नाव नाही, मिलिग्रॅम नाही,
पानाचं चित्र मात्र दोन्ही बाजूंना.

माझ्याही पर्समध्ये अशीच एक आहे,
जानेवारीत दवा बाजारातून घेतलेली.
बारा वर्षं नाइट करून कंबर बोलते.
उघडलेली नाही.
फेकलेलीही नाही.

सकाळी सहाला श्वास चौदा झाले.
मुलगी जिन्यात बसून चहा फुंकत होती.
म्हणाली, सिस्टर, घरी अजून तीन आहेत,
सील न तोडलेल्या.
दुकानदार परत घेईल ना?