ध्वनिफीत क्रमांक चार

मी आवाज सांभाळतो.
मनिलातल्या या हॉटेलात लग्नं होतात,
दंतवैद्यांची अधिवेशनं होतात,
आणि वर्षातून एकदा हा सोहळा:
तंत्रज्ञानाचा कल्पक वापर करणाऱ्या
सेवाभावी संस्थांचा गौरव.
कुणाचा माईक शिट्टी मारणार
ते मला बोलणाऱ्याच्या चालीवरून कळतं.

पहिलं बक्षीस बेटांवर रक्ताच्या पिशव्या नेणाऱ्या ड्रोनला.
दुसरं, अंधांना नोट ओळखून सांगणाऱ्या अ‍ॅपला.
टाळ्या बऱ्या पडल्या. सूप गार झालं.

मग सामार बेटावरची माणसं.
संस्थेचं नाव एवढं लांब
की निवेदिकेला मधे श्वास घ्यावा लागला.
अध्यक्ष क्रिस्पुलो अबेर्या,
धंदा फ्रिज दुरुस्तीचा,
उसन्या सदऱ्याची बाही मनगटाच्या चार बोटं वर.
त्यानं यंत्र टेबलावर मांडलं:
आइस्क्रीमचा रिकामा डबा,
रबरी चपलेचा एक तुकडा,
काच तडकलेला जुना मोबाईल.
नदी चढली की तुकडा चढतो,
तुकडा चढला की तार तारेला भेटते
आणि मोबाईल गावातले कर्णे जागे करतो.

एवढंच? असं कुणी विचारलं नाही.
खुर्च्या मात्र करकरल्या.

क्रिस्पुलो म्हणाला,
पहिल्या वर्षी आम्ही भोंगा लावला.
कुत्री भुंकली, माणसं कुशीवर वळली.
वाजतोय तर वाजू दे, सरकारी असेल.
दुसऱ्या वर्षी रेडिओवरच्या निवेदकाचा आवाज भरला,
घोटीव, गोड.
लोक ऐकत पडून राहिले.
पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा
तो अजून नमस्कारच म्हणत होता.

मग कुणीतरी नाव काढलं, इलुमिनादा.
सुईण. वय एकाहत्तर.
निम्मं गाव तिच्या हातांवर उतरलेलं.
जगात आल्या आल्या जिची थाप पाठीत बसली
तिला नाही म्हणायची टाप कुणाची?
फोनमध्ये बोलायला ती तयार होईना.
डब्याशी काय बोलू, म्हणाली, माणसं दाखवा.
म्हणून तिला दारोदार फिरवली,
आणि प्रत्येक दारासमोर
ती त्या त्या घरावर ओरडली.

मार्चमध्ये ती गेली.
डब्यात आहे.

मला खूण झाली. ध्वनिफीत क्रमांक चार.
कागदावर लिहिलं होतं: दहा सेकंद, आवाज मंद.
मी बटण दाबलं आणि
मंद करायचं विसरलो.
खरं सांगायचं तर, विसरलो नाही.

*बांगोन! उठा रे!
तासियो, आईला पाठुंगळी घे!
रोसेंदा, भांडी राहू दे,
भांडी तरंगतात, पोरं नाही!
ए बोतोय, तू जागा आहेस, मला ठाऊक आहे!*

सभागृह खो-खो हसलं.
परीक्षकांतल्या एका बाईनं डोळे टिपले, हसूनच.
आणि शेवटच्या रांगेत
सामारची अकरा माणसं उभी होती.
कुणी कुणाकडे न बघता उठलेली,
चपला हातात.
एकजण म्हातारीपुढे पाठ करून वाकला होता,
चौथ्या मजल्यावर, गालिच्यावर,
एसीच्या गार हवेत.
एक बाई टेबलाखाली हात घालून
कुणाचं तरी मूल चाचपत होती.

मग हळूहळू आठवलं त्यांना, आपण कुठे आहोत.
तरी बसायला वेळ लागला.
हशा मधेच कुठेतरी संपला,
कुणी संपवला ते कळलं नाही.

मानचिन्ह काचेचं, पाच किलोचं.
हे तरंगत नाही ना? क्रिस्पुलोनं विचारलं.
निवेदिका म्हणाली, नाही,
आणि पुढचं नाव वाचलं.

रात्री मी वायरी गुंडाळत होतो
तेव्हा तो मागे येऊन थांबला.
आवाज मोठा ठेवलास, म्हणाला.
म्हटलं, तक्रार आहे का?
त्यानं वायरीचं दुसरं टोक उचललं,
सवयीच्या हातानं वेटोळं घालू लागला.

बोतोय कोण? मी विचारलं.

घरातलं नाव आहे माझं, तो म्हणाला.
आणि जरा थांबून,
खरंच जागा होतो.