खुंटी

जुमआ बिन फराजच्या तिसऱ्या तबकडीत,
मागच्या बाजूला, ऊद क्षणभर थांबतो तिथे
एक माणूस म्हणतो: वा रे गड्या.
तो माझा बाप.

दत्ताराम मेस्त्री, राहणार गिरगाव, मूळ गाव आचरे.
पेटी, सारंगी, बुलबुलतरंग, येईल ते दुरुस्त करायचा.
फोटो एकच आहे, त्यात तोंड मिटलेलं.
आवाज एवढाच उरलाय. तीन शब्द.

जुमआ आधी मोत्यांच्या गलबतावर गळ्याची मजुरी करायचा.
पाणबुडे खाली, दोर पोरांच्या हातात,
आणि वर हा,
कुणाचा श्वास किती पुरेल ते सुरात मोजणारा.
मग जपानचे मोती आले, वाटाण्यासारखे गोल आणि स्वस्त.
मोतीबाजारातल्या गाद्यांवरून अरब शेट
एकेक करून उठले.
याचा मालकही गेला. हा राहिला
अरब गल्लीत, जिन्याखाली,
तिघांत एक खाट, पाळीपाळीने झोप.
दिवसा भायखळ्याच्या पागेत घोड्यांच्या चंदीचा हिशेब,
रात्री चाली बांधणं.

पोट फुटलेला ऊद घेऊन तो दुकानात आला
तेव्हा बापाला वाटलं, भोपळाच आणलाय चिरून.
अक्रोडाचं लाकूड नव्हतं. बापाने फणस लावला.
जुमआ वाजवून बघत म्हणाला, अब ये कोंकणी बोलता है.
पैसे पुढल्या महिन्यात दिले, तेही निम्मे.

एक चाल त्याने ट्रामच्या घंटेवरून उचलली, असं सांगायचा.
थापा, बाप म्हणायचा.
आमच्या भजनी मंडळाची आहे ती,
शनिवारी खिडकीखाली उभा असतो चोर.

तबकडी भरायची त्या दिवशी हवा दमट,
खुंटी सारखी सरकत होती.
बापाने ती अंगठ्याने दाबून धरली,
साडेतीन मिनिटं, गवयाच्या खांद्याशी ओणवा,
श्वास कोंडून, खाली गेलेल्या पाणबुड्यासारखा.
आणि त्या जागेवर
त्याला धरवलं नाही. खुंटी धरवली, तोंड नाही.

साहेब तडकला. पण मेणाची ती शेवटची थाळी.
तशीच गेली बोटीतून बसऱ्याला.

पुढे जुमआचं नाव झालं. कुवेत, बहरीन,
चहाखान्यांतून, लग्नांतून.
त्याचं पत्र यायचं, उर्दूत, तळमजल्यावरचा अत्तरवाला वाचून दाखवी:
इथे लोक त्या जागेची वाट बघतात
आणि सगळे एकदम ओरडतात, वारेगड्या!
कुणाला ते बाईचं नाव वाटतं,
कुणाला एखाद्या पिराचं.
मी खरं सांगत नाही, दत्तू. तूही सांगू नकोस.

अठ्ठ्याहत्तर साली तो परळच्या इस्पितळात आला.
गळा काढून टाकला होता,
मानेवर जाळीचा पांढरा रुमाल, श्वास आत गेला की हलणारा.
मी दुकानात, सरस उकळत होते.
त्याने काही लिहिलं नाही. फक्त अंगठा हवेत दाबून धरला
आणि भुवया उंचावल्या: कुठे आहे?
मी हार घातलेला फोटो दाखवला.

तो बराच वेळ उभा राहिला. मग पिशवीतून तबकडी काढली.
दुकानात दुरुस्तीला आलेला एका पारशिणीचा ग्रामोफोन होता,
स्प्रिंग नुकतीच बसवलेली.
गाणं सुरू झालं. तरुण गळा, फळीवरच्या बरण्या थरथरल्या.
तो ओठ मिटून ऐकत होता,
दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.
मग ऊद थांबला. त्याने बोट वर केलं
आणि बापाबरोबर, आवाज नसलेले,
त्याचे ओठ हलले.

सुई उचलून त्याने मागे ठेवली. पुन्हा. पुन्हा.
सरस करपला.

तबकडी तो ठेवून गेला.
पारशिणीला मी ग्रामोफोन आठवडाभर उशिरा दिला,
म्हटलं, खुंटी मिळत नव्हती.
ग्रामोफोनला खुंटी कुठे असते,
ती म्हणाली.