कायमचा पत्ता

दोन फाटकांमध्ये दोनेकशे पावलं रस्ता.
थायलंड संपलेला, कंबोडिया लागायचा होता.
बर्फाच्या लाद्यांची हातगाडी पुढे गळत चालली,
तिच्या ओल्या रेघेवरून मी, उगाच सावकाश.

खिडकीत फॉर्म होता, पेन नव्हतं.
मागच्या जर्मन पोराने दिलं, टोक चावलेलं.
यमुना नारायण भोईर. वय एकसष्ट.
सोबत कुणी नाही.
कायमचा पत्ता –
इथे हात अडला.

सेक्टर छत्तीस म्हणावं, तर तिथे आमचं भात होतं;
खारं पाणी अडवायला बाबांनी घातलेला बांध
आता कुठल्याशा टॉवरच्या पार्किंगखाली.
करावे म्हणावं, तर पासपोर्टात ते नाव नाही.
मागे रांग खाकरली.
पासपोर्टाचं ऐकलं.

मग साहेबाने पिशवीतला डबा उघडायला लावला.
सुका जवळा.
वास घेतला, आतल्या बाईला हाक मारली,
दोघांनी चिमूट चिमूट तोंडात टाकली,
आणि शिक्का असा मारला
जशी हळदीत व्याही पाठीवर थाप मारतो.

पुढे व्हिएतनाम, लाओस.
परतीच्या पुलावर बसने रस्त्याची बाजू बदलली
तेव्हा मी झोपेत होते.

आता संध्याकाळी त्या टॉवरपाशी जाते.
वॉचमन नवा आहे, वही पुढे करतो :
मावशी, कुठून आलात ते लिहा.
पेन दोरीला बांधलेलं, दोरी आखूड.
वाकून लिहिते,
इथूनच.