साडेपाचशे वॅट

मे महिना. दुपारचे तीन वाजून दहा.
हेडाऊंच्या साक्षगंधाचा व्हिडिओ निम्म्यावर आला होता,
अंगठी बोटाच्या अर्ध्यात,
आणि टेबलाखालून धुराची एक बारीक रेघ निघाली.
पडदा काळा.

"एसएमपीएस गेला," बाबा बोलले आतल्या खोलीतून,
नुसत्या वासावरून.
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं
पन्नासवर थरथरणारा काटा पाहत बसलेला माणूस.
जळलेलं वार्निश त्यांना दोन भिंतींपलीकडून कळतं.
माझी जळलेली फोडणी कळत नाही.

बर्डीवर, दुसऱ्या माळ्यावर, निमजेंचं दुकान.
बाबा जिन्यात दोनदा थांबले.
निमजेंचा प्रज्योत म्हणाला,
"ताई, नवं कार्ड बी टाकून राहिल्या न तुम्ही?
मंग हा घ्या. पाचशे वॅट, अकराशे रुपये,
आतमंदी लाल लाइट लागते."

मी पर्समधून विजेचं बिल काढलं, पाठकोरं.
कार्ड एकशे सत्तर.
प्रोसेसर पासष्ट; रेंडरिंगला बसला की नव्वद धरा.
दोन डिस्क, त्यातली एक खरखरते, वीस.
पंखे, बोर्ड, सटरफटर: पन्नास.
तीनशे तीस.
घरखर्चाची बेरीज इतकी सरळ
मला कधी जमली नाही.

बाबांनी अकराशेवाला उचलला,
कोहळं पारखावं तसा हातावर तोलला.
"हलका आहे बे हा."
"आजोबा, वजनानं का वीज येते?"
"वीज नाही येत. आत तांबं असलं तं वजन येते."
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
लेबलावर बोट फिरवत एका ओळीवर थांबले.
"बारा व्होल्टवर अठरा अँपिअर. कर गुणाकार."
दोनशे सोळा.
"बाकीचे कुठी गेले?"
प्रज्योत छताच्या पंख्याकडे पाहू लागला.

"मग हजारचाच घेऊन टाकू का," मी विचारलं,
माझी भीती नेहमी अशी दुप्पट होऊन येते.
"दोघांच्या भाताले लग्नाचा गंज चढवते का कोणी?
साडेपाचशे घे, चांगल्यातला.
निम्म्याच्या थोडं वर चालला पाहिजे.
मशीन धापलं नाही पाहिजे."

चार हजार सातशे.
कूलरची नवी मोटर त्यातच गेली.
प्रज्योतनं बिलावर शिक्का मारला: गॅरंटी सात वर्षं.
बाबा एकोणऐंशीचे. त्यांचे ओठ हलले,
मनातल्या मनात काहीतरी मिळवलं त्यांनी,
आणि म्हणाले, "चालते. बिल हिच्या नावानं कर."

घरी आल्यावर जुना डबा मी पेचकसानं उघडू लागले
तर हातच धरला माझा.
"बंद केला तरी आत राहते.
कपॅसिटर सोडत नाही लवकर."
मग तो डबा मांडीवर घेऊन बसले कितीतरी वेळ,
टॉवेलनं त्याची धूळ पुसत,
उद्या भंगारात जाणार होता तरी.

वायरी जोडायला मला साडेनऊ झाले.
चोवीस पिनांचा प्लग कटकन बसला, आठचा बसेना,
उलटा धरला होता.
बटण दाबलं. पंखा इतका हळू फिरला
की कान लावून खात्री करावी लागली.

अकराच्या सुमाराला शेजारच्या परातेंनी कूलर लावला.
ट्यूबलाइट नेहमीसारखी मिचकली,
फ्रिज कण्हला.
पडद्यावरची नवरी तशीच बसून राहिली,
आणि अंगठी, तीन दिवसांनी,
शेवटच्या पेरावर गेली.

आतल्या अंधारातून, अर्धवट झोपेत, बाबांनी विचारलं,
"किती आहे?"
शिफ्टमध्ये फोनवर विचारत असतील तसं.
माझ्यासमोर काटा नव्हता, आकडा नव्हता.
"पन्नास," मी सांगितलं.