उबदार ठिपका

त्या डोळ्याला समुद्र गारच दिसतो,
विझल्या चुलीवरच्या तव्यासारखा,
आणि पाऊस त्यावर उबदार.
उपग्रह पुढे गेला:
पंचवीस किलोमीटरचा एक ठिपका,
ताशी दोन मिलिमीटर,
सगळीकडे सारखे वाटून.

तारावाहून भाचा रेडिओवर आकडा वाचतो.
अबेमामावर तिरोइया टाकीत काठी सोडते.
ओल वीतभर.
परवा होती तेवढीच,
किंवा बोटभर कमी.

सर तिनं पाहिली होती.
लगूनवर पांढरी, उभी;
माडांपाशी येता येता वळली,
दुकानाची उधारी असल्यासारखी.

"म्हणजे सरासरीत भिजलो की आम्ही!"
भांडी धुतलेलं पाणी
ती अळवाच्या खड्ड्यात ओतते.
मग बटण दाबून, सावकाश:
"इथे शून्य.
लिहिलंस? शून्य."