मर्यादेच्या आत

आठ महिन्यांनी कुरिअरवाल्याने हाक मारली,
नेहमीसारखी आडनाव चुकवून.
खोक्यात खोकं, त्यात मखमल, मखमलीत माझं घड्याळ
आणि चार पानं कागद: तेल बदलले, काच पुसली.
बिल एका जुन्या मोटारसायकलीएवढं.
दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं,
हे मात्र कागदात नव्हतं.
ते मी मोजलं, आठवडाभर, रेडिओच्या टोल्यांवर.

असल्या घड्याळाचं चोपड्याला कोण काय करणार?
मुंबईला फोन लावला. आधी बराच वेळ सतार,
मग एक गोड आवाज:
"सर, हे मर्यादेच्या आत आहे."
कोणाच्या, ताई?
माझी तर मार्चातच संपली.

शेवटी हिलालआबांची टपरी.
डोळ्यात भिंग, पुढ्यात
लग्नातल्या जुन्या घड्याळांची उघडी पोटं.
माझं त्यांनी कानाशी धरलं,
इतका वेळ, की बाहेर केळीचा एक ट्रक
चौकात वळून निघून गेला.
मग परत दिलं, दोन्ही हातांनी.
"हाई घड्याळ नही रे भो, जवाई शे.
याले उघाडानं हत्यार कंपनी माले देत नही."
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

तेव्हापासून रोज सकाळी
मी गुंडी ओढतो, काटे थांबवतो,
रेडिओची वाट बघतो, सोडतो.
आतून बायको विचारते,
"उठले का जावईबापू?"