दुरपताबाईमिसेस

गोळीबार चौकात माझं दुकान आहे, झेरॉक्सचं,
पण दिवसातून दोन-तीन तिकिटं छापून निघतात
म्हणून मोहल्ल्यात मला विमानवाली म्हणतात.
मी अजून एकदाही बसलेली नाही.

दुरपताबाई पौनीकर आल्या भर दुपारी,
डोक्याला ओला दुपट्टा,
मोबाइलमध्ये पोराने मस्कतहून पाठवलेलं तिकीट.
छापून दिलं. त्यांनी ते उलटं धरलं, मग सुलटं,
मग अंगठ्याने चाचपलं, साडीचा काठ चाचपावा तसं.
‘वाचून दे वं पोरी. सगळं. बारीक बारीक बी.’

म्हटलं, हे एन ए जी. म्हणजे आपण.
‘नाग?’
नाग.
‘म्हंजे नदीचं नाव लिवते का विमानात?’
मला पुलाखालचं काळं पाणी आठवलं,
तरी हो म्हटलं.
‘मंग टेशनावर तं एन जी पी असते.’
रुळावर आपण वेगळे, काकू, हवेत वेगळे.

हे बी ओ एम, मुंबई.
‘तिचं नाव तं कवाच बदललं ना बाप्पा!’
बदललं. या कागदापर्यंत अजून पोचलं नाही.
एम सी टी, मस्कत. तिथे तुमचा प्रफुल उभा असेल.

खाली मुंगीएवढ्या अक्षरांत :
तिकीट एका कंपनीचं, नेणार दुसरीच कंपनी.
हे कसं समजवावं म्हणून मी अडखळले,
तर त्याच म्हणाल्या, ‘कळलं.
साडी आमचे हे विणत, खड्ड्यात पाय सोडून,
आन् घडीवर शिक्का गांधीबागच्या शेटचा.’
मग जरा वेळाने,
‘काठाच्या आत एक हिरवा धागा टाकत. चुकल्यावानी.
कुनाले दिसे नाही तो.’

मग नाव वाचलं.
पौनीकर, तिरपी रेघ, दुरपताबाईमिसेस.
‘हे शेवटी काय लटकलं?’
तिकिटात जागा सोडत नाहीत, काकू,
सगळं एकाला एक चिकटतं.
‘पन म्हंजे काय?’
म्हणजे अमक्याची बायको.

झिबलजींना जाऊन सहा वर्षं झाली.
दाखल्याच्या बारा प्रती मीच काढल्या होत्या,
बाराव्या प्रतीला शाई फिकी आली
आणि पैसे अकराचेच घेतले होते.

‘काढता येते का ते?’
कंपनीला फोन करावा लागेल. करू?
‘नाई, नाई. मी नुसती इचारून रायली.
येवढ्या उंच जाचं, तं एकटी कायले?’

उरली शेवटची ओळ.
मस्कत, मुंबई, नाग.
तारखेच्या जागी एकच शब्द, ओपन.
‘हे?’
म्हणजे दार उघडं, काकू. कधीही परत या.
‘कोन्या बाजूनं उघडं?’

मशीनमध्ये कागद अडकला होता.
तो काढायला मी वाकले, आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

जाता जाता विचारलं, पेटीले चिठ्ठी लावते ना?
लावतात.
‘त्याच्यावर काय लिवते?’
एम सी टी.
‘बरं,’ म्हणाल्या,
आणि काउंटरवरच्या डब्यात बोटं घालून
फायली बांधायच्या लाल-पांढऱ्या दोऱ्या बाजूला सारत
खालून एक हिरवी ओढून काढली.
‘हिचे किती?’